एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) करायचंय: फॅमिली घेऊ की अ‍ॅक्यूट केअर?

रातराणी:
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीकडची, बीएस्सी नर्सिंग केलं, मग पुण्यात चार वर्षं आयसीयू आणि लग्न होऊन इकडे टेक्ससला आले. एन्क्लेक्स (इथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होऊन आरएन (रजिस्टर्ड नर्स) झाले त्यालाही आता सहा वर्षं झाली, टेलिमेट्रीला (हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात तो वॉर्ड) आहे, आठवड्याला तीन नाइट, १२-१२ तासांच्या. नर्स प्रॅक्टिशनर (पुढे शिकून स्वतः पेशंट तपासणारी, औषध लिहून देणारी नर्स) करायचं हे नक्की आहे पण कुठल्या वाटेनं तेच कळेना झालंय. बरोबरच्या सगळ्या म्हणतात डोळे झाकून फॅमिली एनपी (क्लिनिकमध्ये सगळ्या वयाचे पेशंट बघणारी) कर, कुठेही खपतं. माझं मन मात्र सिरियस पेशंटमध्येच, म्हणजे अ‍ॅक्यूट केअरमध्येच रमतं, रात्री दोनला मॉनिटरवर रिदम बदलला की मी आधी पेशंटकडे धावते, मग डॉक्टरांना फोन, आणि ऑर्डर येईपर्यंतची ती दहा मिनिटं मला फार जड जातात हो. मास्टर्सवर भागेल का डीएनपीच (नर्सिंगमधली डॉक्टरेट) करावं? आणि एका ऑनलाइन कॉलेजचा माणूस दर दोन दिवसांनी फोन करतोय, अ‍ॅप्लिकेशन फी माफ करतो म्हणतो. मुलं ९ आणि ५ वर्षांची आहेत. नवरा म्हणतो घरचं मी बघतो, तू शिक.

ओसरी:
मी फॅमिली एनपी आहे, कम्युनिटी क्लिनिकमध्ये सात वर्षं झाली. आधी त्या फोनवाल्याला एकच प्रश्न विचार, क्लिनिकलसाठी प्रिसेप्टर (प्रत्यक्ष पेशंट बघताना शिकवणारी अनुभवी व्यक्ती) तुम्ही शोधून देणार का मी शोधायचा? माझ्या कॉलेजनं अ‍ॅडमिशनच्या वेळी "आम्ही मदत करतो" एवढंच सांगितलं होतं आणि नंतर एक जुनी यादी हातात दिली, त्यातले निम्मे नंबर बंद. मी लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून, मांडीवर वही घेऊन एकेका क्लिनिकला फोन लावायची, ४३ ठिकाणी विचारलं तेव्हा एक बाई हो म्हणाल्या. एक सेमिस्टर फुकट गेलं त्यात, फी मात्र गेलीच. बरोबरच्या दोघींनी तर प्रिसेप्टर मिळवायला खिशातून पैसे भरले. आता नव्या नियमांप्रमाणे किमान ७५० तास प्रत्यक्ष पेशंट बघावे लागतात (आमच्या वेळी ५०० होते), तेव्हा हे तोंडी नको, लेखी घे. सीसीएनई किंवा एसीईएनची (नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्था) मान्यता आहे का आणि ते कॉलेज टेक्ससमधल्या विद्यार्थ्यांना घेऊ शकतं का, हेही बघ.

बाकी "कुठेही खपतं" म्हणून फॅमिली करू नकोस गं. हे काम वेगळं आहे. परवा एक आजी आल्या, शुगर काही केल्या आटोक्यात येईना आणि पोट सारखं बिघडलेलं. मी म्हटलं घरातली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन या. टेबलावर पिशवी उलटी केली तर मेटफॉर्मिनची बाटली वेगळी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली दोन औषधं एकत्र असलेली गोळी वेगळी, तिच्यातही मेटफॉर्मिनच! पोटानं हैराण होऊन त्या मग दोन्ही चार-चार दिवस बंद ठेवायच्या. मला असं खोदत बसायला आवडतं, एकाच माणसाला वर्षानुवर्षं बघायला आवडतं. तुला आवडेल का ते तूच बघ.

खडीसाखर:
ओसरीताईंशी सहमत. मी अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी (मोठी आणि वयस्कर माणसं) अ‍ॅक्यूट केअर केलंय, कार्डियाक आयसीयूत आहे. रातराणी, तू ती दहा मिनिटं लिहिलीस ना, तिथेच मला तुझं उत्तर दिसलं. इथे लायसन्स तुझ्या शिक्षणाला बांधलेलं असतं, आरएन म्हणून आयसीयूत कितीही वर्षं काढली तरी फॅमिली एनपीचं ट्रेनिंग हे प्रायमरी केअरचंच (रोजच्या क्लिनिकचंच) धरतात. माझी एक कलीग फॅमिली करून हॉस्पिटलला लागली होती, पुढे तिथले नियम कडक झाले आणि तिला पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटसाठी परत कॉलेजची पायरी चढावी लागली, म्हणजे पैसे दोनदा आणि क्लिनिकलही दोनदा. उलट बाजूही सांगते, अ‍ॅक्यूट केअर केलंस तर लहान मुलं बघता येणार नाहीत, साधं ओपीडी क्लिनिकही मिळणं अवघड, आणि नाइट काही सुटणार नाही.

डीएनपीचं म्हणशील तर २०१५ पर्यंत सगळ्यांना तेच असावं अशी शिफारस २००४ सालीच झाली होती, पण एनपीला ते अजून सक्तीचं नाही, मास्टर्सवर सर्टिफिकेशनची परीक्षा देता येते. शिकवायचं नसेल तर आत्ता मास्टर्स कर. तुझं हॉस्पिटल फी देतं का ते एचआरला विचार, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर टॅक्स लागत नाही, फक्त त्या बदल्यात किती वर्षं तिथेच राहायचं ते सही करण्याआधी नीट वाच. आणि टेक्ससमध्ये प्रिस्क्रिप्शन लिहायला डॉक्टरशी करार लागतो, अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत तसा लागत नाही, पुढे कुठे राहणार तेही मनात धर.

मिरजेची:
मध्येच विचारते, राग मानू नका. मी इथे भारतात बीएस्सी करून आयसीयूला आहे. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर असा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे ना, तो करून तिकडे थेट एनपी होता येतं का?

खडीसाखर:
नाही गं, थेट नाही. तो कोर्स चांगला आहे, एमएस्सीच्या बरोबरीचा आणि बराचसा बेडसाइडवरच शिकवतात, भारतात राहणार असशील तर जरूर कर. पण इकडे यायचं तर आधी एन्क्लेक्स, आरएनचं लायसन्स आणि मग इथलं एनपीचं शिक्षण. ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजनं दिलेली विषय-मार्कांची अधिकृत नोंद) मात्र आत्ताच काढून ठेव, लग्न-बदल्यांच्या आधी. माझे यायला पाच महिने लागले, वडील तीनदा कॉलेजात हेलपाटे घालून आले.

रातराणी:
खूप खूप आभार, काल रात्री ब्रेकमध्ये वाचलं आणि डोळ्यात पाणीच आलं. फोनवाल्याला विचारलं, तर म्हणे प्रिसेप्टर विद्यार्थ्यानंच आणायचा, म्हणून त्याला नकार दिला. आमच्या युनिटच्या एनपीबाईंनी सुट्टीच्या दिवशी सोबत राहून काम बघायला बोलावलंय, गुरुवारी सकाळी सातला जाते. ओसरीताई, एखाद्या दिवशी तुमच्यासारख्या क्लिनिकमध्येही असं नुसतं बसू देतात का हो? दोन्ही बघूनच फॉर्म भरेन म्हणते.

ओसरी:
देतात, आधी मॅनेजरची परवानगी घ्यावी लागते आणि प्रायव्हसीचा फॉर्म भरावा लागतो. मेसेज कर मला, आमच्याकडे विचारते. सोमवारी ये, त्या दिवशी गर्दी खरी असते.