तीन मशिनींना एकच बेअरिंग, एकच बोल्ट चालेल का?

प्रश्न:
बेल्टवर चालणारी हलकी, मध्यम आणि जड अशी तीन मॉडेलं. शाफ्ट सगळीकडे २५ मिमी, वेग ६०० आरपीएम. एका बेअरिंगवर भार अनुक्रमे ०.५, १.५ आणि ३ किलोन्यूटन. स्पेअरचा पसारा आवरायला सगळीकडे ६२०५ नंबरचं बॉल बेअरिंग आणि एम८×२५ (८ मिमी व्यास, २५ मिमी लांबी), ८.८ ग्रेडचा बोल्ट ठेवायचा विचार आहे. कुठे अडेल?

उत्तर १:
जड मॉडेलमध्ये. ६२०५ चं डायनॅमिक रेटिंग (ज्या भारावर दहा लाख फेऱ्यांचं आयुष्य धरतात तो भार) सुमारे १४ किलोन्यूटन. रेटिंग भागिले भार, त्याचा घन, इतके दशलक्ष फेरे. ६०० आरपीएमने ते तासांत मोजले तर मध्यममध्ये २२ हजार तासांहून जास्त मिळतात, जडमध्ये जेमतेम २,८००. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं.
६३०५ चं बोअर (आतलं भोक) तेच, रेटिंग सुमारे २२, म्हणजे जडमध्ये ११ हजार तासांच्या आसपास. पण बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ मिमी आणि रुंदी १५ ऐवजी १७ मिमी, त्यामुळे हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसतं ते घर, नवं. एकच बेअरिंग हवं असेल तर मग सगळीकडे ६३०५ च घ्या. भार फार कमी असला तर गोळ्या फिरण्याऐवजी घसरतात. त्यासाठी रेटिंगच्या साधारण १ टक्का, म्हणजे २२० न्यूटन लागतो. हलक्यात ५०० आहे, निभावेल. जादा वजन-खर्च मात्र हलक्या मॉडेलच्या माथी.

प्रश्नकर्ता:
हाउसिंग बदलू. बोल्टचं काय? प्लेट ६ मिमी, खाली ॲल्युमिनियममध्ये बंद भोक, आटे १५ मिमी खोल.

उत्तर २:
तिथेच फसाल! प्लेट ६ आणि वॉशर १.६ वजा केले तर १७.४ मिमी बोल्ट आत जातो. तो आटे संपतात तिथे अडतो, टॉर्क रेंच २५ न्यूटन-मीटर दाखवतो, पण प्लेट दाबलेलीच नसते. असा जोड कंपनाने सुटतो. आटे २० मिमीपर्यंत पाडा, नाहीतर २० लांबीचा बोल्ट घ्या; १२.४ मिमी पकड म्हणजे व्यासाच्या दीडपट, ॲल्युमिनियमला काठावर पुरते. मी तरी भोकच खोल करीन.

उत्तर ३:
पार्ट लिस्टमध्ये नुसतं ‘६३०५’ लिहू नका. सील आणि क्लिअरन्सही लिहा, उदाहरणार्थ ६३०५-२आरएस सी३ (२आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना सील, सी३ म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त). नाहीतर कुणीतरी उघडं बेअरिंग आणतं आणि धुळीत ग्रीसची वाट लागते. चालू आणि राखीव मशीनमध्ये एकाच लॉटचं बेअरिंगही नको. दोष असला तर दोन्ही एकदमच बंद पडतील. १९९६ साली युरोपच्या एरियन ५ रॉकेटमध्ये मुख्य आणि राखीव दिशादर्शक यंत्रणांत एरियन ४ वरून आणलेलं तेच सॉफ्टवेअर होतं. एकाच चुकीने दोन्ही बंद पडल्या.