विषय: बडोद्याच्या पत्त्यावर दुसऱ्याच्या कर्जाची वसुलीपत्रं

प्रेषक: मंजिरी, लेस्टर

नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारातल्या घरी आईबाबा दोघंच असतात. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले, पण त्यांच्या नावानं एका फायनान्स कंपनीची पत्रं अजून येतात. आता वसुली एजन्सीचं एक पत्र थेट बाबांच्या नावानं आलंय. बाबांनी असं कर्ज घेतलेलं नाही. एजन्सीचा माणूस फोनवर म्हणतो, पॅन आणि आधारची झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅप करा, नाव काढून टाकतो. पाठवावी का? आणि इथून मी काय करू शकते?

मंजिरी


प्रेषक: सुधीरकाका, बडोदा

मंजिरी,

झेरॉक्स अजिबात पाठवू नका. आधीच पाठवली असेल तर तेवढं कळव, कारण मग पत्रात एक परिच्छेद वाढवावा लागेल.

एजन्सीकडे मूळ कर्जाची फाइल नसते. असते ती एक यादी: नाव, खातं क्रमांक, थकबाकी, जुना पत्ता, दोनचार मोबाईल नंबर. वसूल झालेल्या रकमेवर कमिशन, त्यामुळे कर्जदार सापडला नाही की त्या पत्त्यावर जो असेल, त्या नावाशी ज्याचं नाव जुळेल, त्याच्याकडे मोर्चा वळतो. तुम्ही स्वतः होऊन पॅन, जन्मतारीख आणि सही दिलीत, की यादीतल्या रिकाम्या रकान्यात बाबांची माहिती जाऊन बसते. शिवाय नाव काढायचा अधिकार एजन्सीला नसतोच. तो कर्ज देणाऱ्या कंपनीचा. एजन्सीला तोंडी समजावलं तर ती फार तर गप्प बसते, आणि काही महिन्यांनी तीच यादी दुसऱ्या एजन्सीकडे जाते. पुन्हा पहिल्यापासून.

भाडेकरूच्या नावाची पत्रं उघडू नका. पाकिटावर इंग्रजीत आणि गुजरातीत 'या पत्त्यावर राहत नाहीत, पाठवणाऱ्यास परत' असं लिहून पोस्टमनकडे द्या. त्याआधी पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. खिडकीच्या पाकिटातून पाठवणाऱ्याचं नाव आणि पुष्कळदा संदर्भ क्रमांकही दिसतो, पुढं तो लागतो. भाडेकरार आणि घर सोडल्याचा कागद असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. आपल्या गल्लीतला एक समज जाता जाता खोडून टाकतो: दुसऱ्याच्या थकबाकीमुळं 'घर ब्लॅकलिस्टमध्ये' जात नाही. पतअहवाल, म्हणजे कर्जं आणि त्यांच्या परतफेडीच्या नोंदींचा अहवाल, माणसाचा असतो, पत्त्याचा नाही.

बाबांच्या नावाचं पत्र मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याच्यामागं चार कारणं असू शकतात. भाडेकरूनं अर्जात त्यांचं नाव रेफरन्स, म्हणजे ओळखीचा माणूस, म्हणून दिलं असेल. किंवा बाबांनी कधीतरी जामीनदार म्हणून सही केली असेल. हे त्यांना शांतपणे, न रागावता विचार, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि मग हा सगळा धागा त्यांच्या कामाचा नाही. तिसरं, फक्त नावसाधर्म्य. बडोद्यात एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं कमी नाहीत. चौथं आणि सगळ्यात वाईट, त्यांच्या पॅनवर दुसऱ्या कुणीतरी कर्ज उचललंय. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. रेफरन्सकडून एक रुपया मागता येत नाही, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना, रेफरन्सना, मित्रांना त्रास देऊ नये असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट बजावलंय.

कारण कोणतं हे ठरवायला आधी पतअहवाल काढा. भारतात तो देणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. एकट्या सिबिलवर थांबू नका, कारण दुरुस्ती एकीकडे होते आणि दुसरीकडे जुनंच राहतं. स्कोअर बघत बसू नका. 'अकाउंट्स' भागात अनोळखी खातं आहे का, 'एन्क्वायरी' भागात अनोळखी कंपनीनं चौकशी केली आहे का, आणि वैयक्तिक माहितीत अनोळखी मोबाईल नंबर किंवा पत्ता घुसलाय का, हे तीन बघा. हा अनोळखी नंबरच बहुतेक वेळा चोराचा माग असतो. अहवालावरचा कंट्रोल नंबर टिपून ठेवा, तक्रार त्याच क्रमांकावर होते.

मग कंपनीला पत्र. एजन्सीला नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्यांचं नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर आणि शाखेत लावलेलं असतं. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलेलं असेल तर तिलाही प्रत. मजकूर एवढाच:

'आपल्या वतीनं अमुक एजन्सीचं अमुक तारखेचं, अमुक खाते क्रमांकाचं पत्र मला मिळालं. हे कर्ज मी घेतलेलं नाही, मी सहकर्जदार वा जामीनदारही नाही. खातं माझ्या नावे असल्याचं आपलं म्हणणं असेल तर सही केलेला अर्ज आणि करार, त्यासोबतची ओळखपत्रं, रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली ते, ओटीपी ज्या मोबाईलवर गेला तो नंबर, आणि एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र यांच्या प्रती द्याव्यात. खातं माझं नसेल तर तसं लेखी कळवून माझं नाव, पत्ता आणि फोन वसुलीच्या नोंदींतून काढावेत. तोपर्यंत माझ्याशी केवळ लेखी संपर्क ठेवावा.'

प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत लिहा. पॅनची शेवटची चार अक्षरं पुरेत. 'थकबाकी', 'माझं खातं', 'सवड द्या' असे शब्द कुठंही येऊ देऊ नका. ईमेल करा आणि रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टानंही पाठवा, पोहोच पावतीसह. नुसत्या ईमेलवर 'आमच्याकडे आलंच नाही' हे उत्तर फार ऐकू येतं.

मागितलेल्या कागदांत खरा दम आहे तो रक्कम कुठं जमा झाली यात. सही खोटी करता येते, आधारची प्रत कुठूनही मिळते, पण पैसे ज्या खात्यात गेले ते बाबांचं नसेल तर कंपनीकडे बोलायला फारसं उरत नाही. मोबाईल अ‍ॅपवरचं कर्ज असेल तर अर्जाच्या वेळचा सेल्फी आणि ई-सहीची नोंदही मागा.

आणखी एक. 'दोन हजार भरा, सेटलमेंट करून टाकू' याला भुलू नका. खातं बाबांच्या पॅनवर टाकलेलं असेल तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि भरलेली रक्कम म्हणजे कर्ज तुमचंच होतं याचा तुम्हीच दिलेला पुरावा.

सुधीर


प्रेषक: निखिल, न्यू जर्सी

काका, दोन शंका. कंपनीनं उत्तरच दिलं नाही तर? आणि आमच्यासारख्यांच्या स्वतःच्या नावानं बडोद्याला पत्र आलं तर? भारतातला मोबाईल नंबर बंद झालाय, ओटीपी येत नाही.


प्रेषक: सुधीरकाका, बडोदा

निखिल,

30 दिवस थांब. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार, फी नाही. चौकशीसाठी फोन 14448. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा जोडला नाही तर अर्ज तिथंच बाद होतो, बहुतेकांचं इथंच अडतं. तक्रार स्वतः कर किंवा आईवडलांना अधिकारपत्र दे. वकिलामार्फत केलेली चालत नाही.

अहवालात चुकीचं खातं असेल तर पतमाहिती कंपनीकडेही वाद नोंदव. ती स्वतः काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्याकडून खात्री करून घेते. म्हणून दोन्हीकडे एकदमच लिहायचं. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. त्यातले कर्ज देणाऱ्या कंपनीला दुरुस्त माहिती पाठवायला 21 दिवस असतात. तिनं उशीर केला तर भुर्दंड तिच्यावर, ती वेळेत असेल तर पतमाहिती कंपनीवर.

पॅनचा गैरवापर उघड दिसत असेल तर 1930 या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर आणि तिचा क्रमांक दोन्ही पत्रांत टाक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी ओळखचोरीला लागू होतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, अनोळखी असेल ते तिथूनच कळवता येतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेव. ओटीपीसाठी मात्र पॅन-आधारशी जोडलेला एक भारतीय नंबर चालू ठेवलेला बरा. दरवेळी पोस्टानं कागद पाठवत बसणं फार रटाळ काम आहे.

मुखत्यारपत्राची गरज लोकपालापर्यंत पडत नाही. कोर्टापर्यंत गेलं तर वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठव, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक लागला पाहिजे. दूतावासाचा शिक्का बघून लोक निर्धास्त होतात आणि ही मुदत हुकते.

सुधीर


प्रेषक: वृंदाताई, बडोदा

काकांनी कोर्टाचा उल्लेख केलाच आहे तर कागद ओळखायचं सांगते, कारण आईवडील सगळ्यांनाच 'कोर्टाची नोटीस' म्हणतात आणि त्यांची झोप उडते.

वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस म्हणजे कोर्ट नव्हे. कंपनीला पाठवलेल्या त्याच पत्राची प्रत वकिलाला पाठवायची, संपलं. 'लोकअदालत' लिहिलेली नोटीस असेल तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे खरी आहे का विचारा. दाव्याआधीची असेल तर न गेल्यानं विरुद्ध निकाल लागत नाही, तिथं फक्त दोघांच्या संमतीनं तडजोड होते. पण गेलात आणि 'एकदाचं मिटवून टाकू' म्हणून सही केलीत, तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा आणि त्यावर अपील नाही. दुसऱ्याच्या कर्जासाठी तिथं सही करू नका.

लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाची, नोटीस मात्र दुर्लक्षू नका. फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम बहुधा असतंच. 'माझ्याशी असा करारच झालेला नाही' हे लवादाला पहिल्याच उत्तरात लेखी कळवा. गप्प राहिलात तर एकतर्फी निवाडा होऊ शकतो, आणि तो रद्द करून घ्यायला प्रत मिळाल्यापासून तीन महिने, फार तर आणखी 30 दिवस.

दिवाणी कोर्टाचं समन्स आलं तर वकील गाठा. साध्या दाव्यात लेखी जबाबाला 30 दिवस असतात, पण थकबाकीचे दावे पुष्कळदा समरी (झटपट निकालाचे) असतात आणि त्यात हजेरी नोंदवायला फक्त 10 दिवस. समन्सवर ऑर्डर 37, म्हणजे समरी दाव्याचा नियम, दिसलं की त्याच दिवशी पळा. खरं-खोटं ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा क्रमांक) टाकून बघता येतं. 16 अक्षरांचा असतो.

दारात माणूस आला तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र बघायचं, दोन्हींचा फोटो काढायचा. घरात घ्यायचं नाही, त्यानं पुढं केलेल्या 'भेट दिली' या कागदावरही सही करायची नाही. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. केलेच तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, लोकपालाला तेच लागतं.

वृंदा


प्रेषक: शैलेश, लंडन

ब्रिटनमध्ये भाड्यानं राहणाऱ्यांच्या घरीही आधीच्या माणसाची पत्रं येतात, म्हणून थोडक्यात. 'नॉट अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस' लिहून पोस्टाच्या पेटीत टाका, तिकीट लागत नाही. आपल्या नावानं आलं तर 'कर्ज सिद्ध करा' असं पत्र. रास्त वाद उपस्थित झाल्यावर वसुली थांबवणं वित्तीय आचार प्राधिकरणाच्या (एफसीए, इथला वित्तीय नियामक) नियमानं बंधनकारक आहे. आठ आठवड्यांत तड लागली नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे इथला लोकपाल. इंग्लंड-वेल्समध्ये 'लेटर ऑफ क्लेम' (दाव्याआधीचं पत्र) आलं तर 30 दिवसांत सोबतचा उत्तर-फॉर्म भरा. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर 14 दिवस, पोच नोंदवली तर एकूण 28. हे हुकलं की एकतर्फी निकाल आणि पतअहवालात सहा वर्षं नोंद. घर बदलताना म्हणूनच मतदारयादी आणि बँकेत पत्ता लगेच बदला. जुन्या पत्त्यावर लागलेला निकाल कर्ज नाकारलं जाईपर्यंत कळतही नाही. कळल्यावर एन244 फॉर्मनं तो रद्द करायला ताबडतोब अर्ज करावा लागतो.

निखिल, तुमच्याकडे अमेरिकेत पहिल्या नोटिशीनंतर 30 दिवसांत लेखी वाद नोंदवला तर पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते.


प्रेषक: मंजिरी, लेस्टर

काका, झेरॉक्स पाठवली नव्हती. बाबांनी जामीन राहिल्याचं नाही म्हटलंय. सिबिलच्या अहवालात खातं नाही, चौकशी नाही, नंबर त्यांचाच. बाकी तीन उद्या काढतेय. म्हणजे रेफरन्स किंवा नावसाधर्म्य ना?


प्रेषक: सुधीरकाका, बडोदा

हो, चारही कोरे निघाले तर तसंच समज. पत्र तरीही पाठव, नाहीतर पुढची एजन्सी येईलच. दुसऱ्याचं खातं असेल तर कंपनी त्याचे कागद दाखवणार नाही, ते बरोबरच आहे. 'हे खातं आपल्या पॅनशी जोडलेलं नाही' एवढी एक ओळ लेखी घ्या. ती मिळाली की तिच्या दोन प्रती काढून एक आईकडे दे, दारात कुणी आलं तर तिला दाखवता येईल. आणि तीन महिन्यांनी सिबिल पुन्हा बघ. यंदाचा फुकट अहवाल वापरून झालाय, त्यामुळं ते याच वर्षात पडत असेल तर पैसे भरावे लागतील.