जामिनावर सुटणाऱ्या आपल्या खेळाडूच्या स्वागताचा फलक लावावा का?

प्रश्न : हळदपेठ

नमस्कार. मी सांगलीत एका अडत दुकानात हिशेब पाहतो आणि आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाच्या चाहत्यांचा व्हॉट्सअॅप गट चालवतो. गटात सुमारे १४० माणसे आहेत. त्यांत आजी-माजी विद्यार्थी आहेत, रिक्षावाले आहेत, दोन प्राध्यापकही आहेत. संघाचे किंवा मुलाचे नाव येथे लिहीत नाही आणि कोणी ओळखले तरी लिहू नये, ही विनंती.

संघाचा मुख्य चढाईपटू वीस वर्षांचा आहे. गेले दोन हंगाम विद्यापीठाच्या आंतरविभागीय सामन्यांत आम्ही त्याच्यासाठी घसा कोरडा केला आहे. साधारण तीन आठवड्यांपूर्वी रात्री एका चहाच्या गाड्यावर बाचाबाची झाली. तिचे पर्यवसान मारामारीत झाले आणि दुसऱ्या महाविद्यालयातील एका मुलाचा जबडा व उजवे मनगट मोडले. फिर्यादीत चार नावे आहेत आणि आमच्या खेळाडूचे नाव दुसरे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ (२) लावले आहे, सोबत ११५ (२), ३५२ आणि ३ (५) ही कलमे आहेत. तीन दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर तो आता न्यायालयीन कोठडीत असून या आठवड्यात जामीन अर्जावर सुनावणी आहे.

गटात काहींच्या मते तो असे करणेच शक्य नाही, तर काहींच्या मते त्याला संघातून कायमचे काढावे. मात्र सर्वांत मोठा आवाज तिसऱ्यांचा आहे. जामीन झाला की चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लावायचा, हलगी वाजवायची आणि जेसीबीतून फुले उधळायची, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. त्यासाठी जमलेले १८,००० रुपये माझ्या खात्यावर आले आहेत. चाहत्याने अशा वेळी नेमके कसे वागावे आणि हे पैसे मी खर्च करावेत का, एवढेच मला विचारायचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परवा कोणीतरी जखमी मुलाचे छायाचित्र, पत्ता आणि घरचा फोन क्रमांक गटावर टाकला. मी तो मजकूर काढून टाकला, तेव्हा मला गद्दार म्हटले गेले. बारा सेकंदांची एक चित्रफीतही फिरत आहे. मी ती अनेकदा पाहिली. त्यात धावपळ दिसते, मात्र कोणी कोणाला काय मारले हे दिसत नाही. तरीही दोन्ही बाजू तीच चित्रफीत पुरावा म्हणून एकमेकांना पाठवत आहेत.

---

उत्तर : मिरजेचा वकील

हळदपेठ, आपण तो मजकूर काढलात हे योग्यच केलेत. प्रथम कायद्याची बाजू सांगतो, कारण आपल्या गटातील पुष्कळ वाद जामीन म्हणजे काय हे न समजल्यामुळे होत असावेत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. आपण लिहिलेले कलम ११८ (२) म्हणजे धोकादायक हत्याराने किंवा साधनाने जबर दुखापत करणे. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येतच जबर दुखापत आहे. या गुन्ह्याला किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि तो अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो आरोपीचा आपसूक हक्क नसतो आणि न्यायालय परिस्थिती पाहून ठरवते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच जामीन झाला याचा अर्थ तो सुटला असा होत नाही, आणि जामीन नाकारला गेला याचा अर्थ तो दोषी ठरला असाही होत नाही. खटला चालू असताना माणसाला आत ठेवण्याची गरज आहे का, एवढाच प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे असतो. ‘निर्दोष सुटका’ असे शब्द फ्लेक्सवर छापणे म्हणजे अजून न झालेला निकाल चौकात लावणे होय.

कलम ३ (५) हे समान उद्देशाचे कलम आहे. प्रत्यक्ष फटका कोणी मारला हे सिद्ध झाले नाही, तरी चौघांचा उद्देश एकच होता असे सिद्ध झाल्यास चौघेही सारखेच जबाबदार ठरतात. उलट, तो केवळ तेथे हजर होता आणि त्याचा कोणताही सहभाग नव्हता असे दिसले, तर तो सुटूही शकतो. बारा सेकंदांच्या चित्रफितीवरून हे आपल्यालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

आता फ्लेक्सकडे वळतो. जामीन देताना न्यायालय सहसा साक्षीदारांवर दबाव आणू नये अशी अट घालते. ज्या चौकातून जखमी मुलाचे वडील आणि चहाचा गाडेवाला रोज जातात, त्याच चौकात वीस फुटी फलक व हलगी यांचा अर्थ काय होतो, हे न्यायालयाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मिळालेला जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो आणि सरकारी पक्ष किंवा फिर्यादी अशा वेळी हीच छायाचित्रे जोडतो. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार याला मे २०२१ मध्ये एका तरुण पैलवानाच्या मृत्यूप्रकरणी अटक झाली होती. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला दिलेला जामीन ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. साक्षीदारांवर प्रभाव पडण्याची भीती हा त्या सुनावणीतला महत्त्वाचा मुद्दा होता. आपल्या मुलाकडे ऑलिंपिक पदक नाही. त्याच्यावर हीच वेळ त्याच्याच चाहत्यांनी आणावी का, हे आपल्या गटाला विचारा.

शेवटची सूचना अधिक गंभीर आहे. गावाकडे अशा प्रकरणांत ‘मिटवून टाका’ म्हणण्याची पद्धत आहे. कलम ११८ (२) हा आपसांत मिटवता येणारा गुन्हा नाही. दोन्ही घरे राजी झाली तरी गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते आणि तेथेही तो रद्द होईलच याची खात्री नसते. आणि राजी करण्याच्या नादात कोणी साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी धमकावले, तर कलम २३२ प्रमाणे तो स्वतंत्र गुन्हा होतो. आज आपल्या गटातला जो केवळ चाहता आहे, तो उद्या आरोपी होईल.

---

उत्तर : डावा कोपरा

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु दुसरी बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. मी स्वतः दहा वर्षे कबड्डी खेळलो. मारामारी झाली आणि त्यात खेळाडू होता, एवढे कळले की लोक बाकीचे तिघे कोण हे विचारतही नाहीत. अंगात ताकद आहे म्हणजे यानेच मारले असणार, असे मानले जाते. स्थानिक बातम्यांत त्याचे नाव आणि मैदानावरचे छायाचित्र आले, उरलेल्या तिघांची नावे कोणाला माहीतही नाहीत.

क्रिकेटपटू श्रीशांतचे उदाहरण पाहा. २०१३ मध्ये स्पॉट फिक्सिंगच्या (पैसे घेऊन सामन्यात ठरवून खेळण्याच्या) आरोपावरून अटक झाली, बंदी आली. २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपांतून मुक्त केले, तरी बंदी कायम राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजीवन बंदी बाजूला ठेवल्यानंतर ती सात वर्षांवर आली आणि २०२० मध्ये संपली, तोपर्यंत त्याचे वय निघून गेले होते. आमच्याकडच्या मुलांचे सगळे आयुष्य पाच टक्के क्रीडा आरक्षणावर आणि पोलीस भरतीवर टांगलेले असते. गुन्हा प्रलंबित असेल तर चारित्र्य पडताळणीत तो सांगावा लागतो, आणि लपवला तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. म्हणजे निकाल लागायच्या आधीच शिक्षा सुरू होते. अशा वेळी त्याच्या पाठीशी कोणी उभेच राहायचे नाही का?

---

उत्तर : निवृत्त जिमखाना प्रमुख

डावा कोपरा, पाठीशी उभे राहण्याबद्दल माझे दुमत नाही, फक्त कोठे उभे राहायचे एवढाच प्रश्न आहे. मी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात छत्तीस वर्षे शारीरिक शिक्षण विभागात काढली. श्रीशांतच्या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढतो. न्यायालयाचा निकाल आणि खेळाच्या संस्थेची शिस्त यांचे रस्ते वेगळे आहेत. पंच पिवळे कार्ड दाखवतो तेव्हा खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही आणि त्यासाठी खटलाही चालवावा लागत नाही. महाविद्यालयाने चौकशी होईपर्यंत त्याला संघाबाहेर ठेवले, तर चाहत्यांनी तो अन्याय समजून प्राचार्यांच्या दारात बसू नये. अर्थात त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि त्याच्या परीक्षा व शिष्यवृत्तीला कोणी हात लावता कामा नये, यासाठी मात्र जरूर पत्र द्यावे. संघातून काढणे आणि शिक्षणातून काढणे यांत फार मोठे अंतर आहे.

आता जे लिहितो ते लिहायला मला सोपे नाही. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात आमच्या संघात एक असाच मुलगा होता. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने वसतिगृहात एका धाकट्या मुलाच्या थोबाडीत मारली. तो मुलगा माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हणालो, ‘सामना होऊ दे, मग बघू.’ सामना आम्ही जिंकला आणि मग कोणीच काही बघितले नाही. पुढच्या वर्षी त्याच मुलाने बाहेर कोणाचे तरी डोके फोडले. तेव्हा त्याला सोडवायला ठाण्यात पहिला कोण गेला असेल, तर मीच. त्याला भेटायला आत गेलो तेव्हा तो मला म्हणाला, ‘सर, तुम्ही आहात ना, मग होईल सगळे.’ ते वाक्य मला आजही झोपेतून उठवते. त्याला तसे वाटायला मीच शिकवले होते आणि दर चढाईला त्याच्या नावाचा गजर करणाऱ्या गावानेही शिकवले होते.

आपल्या भागाला खेळाडूंचे वेड आहे आणि त्याचा मला अभिमानच आहे. शेजारच्या कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला पदक मिळवले, त्यांना गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून पाठवले होते. आमच्या लहानपणी ही गोष्ट घरोघरी सांगितली जायची. वर्गणी ही आपली जुनी आणि चांगली सवय आहे. पण ती खेळाडूला मैदानापर्यंत पोहोचवण्यासाठी होती. (तेच खाशाबा पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागले, हे आजच्या मुलांना सांगितले की ती हसतात.)

आपल्याला खरोखर काही करायचे असेल, तर त्याच्या घरी जाऊन वडिलांना विचारा की वकिलाची व्यवस्था झाली आहे का. तारखेला सोबत जा. त्याचा सराव बंद असेल तर पहाटे त्याच्याबरोबर धावायला जा. यातले काहीही फ्लेक्सवर दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

---

उत्तर : एक मावशी

मी जखमी मुलाची मावशी आहे. हा धागा मला एका परिचिताने पाठवला. मी कोणावर आरोप करण्यासाठी लिहीत नाही, ते काम पोलीस करत आहेत.

भाच्याचा जबडा तारांनी बांधला आहे. पेज, ताक आणि डाळीचे पाणी नळीने घेऊन तो दिवस काढतो. तो बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे परीक्षेला लेखनिक मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे. आपल्या गटावर जो क्रमांक टाकला गेला, तो त्याच्या वडिलांचा होता. त्यांचा टेम्पो आहे आणि भाडी फोनवरच मिळतात. पहिल्या दोन दिवसांत इतके फोन आले की त्यांनी फोन बंद ठेवला, आणि त्याबरोबर भाडीही बंद झाली. संध्याकाळी घरी माणसे येतात. त्यांतली बहुतेक चांगली माणसे असतात, चहा घेतात, मुलाच्या करिअरचा विचार करा म्हणतात. माझी बहीण त्यांना एकदा म्हणाली की दोन्ही मुलांचा करते. त्यावर कोणी काही बोलले नाही.

डावा कोपरा, आपण लिहिले आहे की बाकीच्या तिघांची नावे कोणाला माहीत नाहीत. आमच्या मुलाचेही नाव कोणाला माहीत नाही आणि ते तसेच राहावे अशी आमची इच्छा आहे. हळदपेठ दादा, आपण तो क्रमांक काढलात त्याबद्दल आभार.

---

उत्तर : डावा कोपरा

ताई, फोनचे मला माहीत नव्हते. माझ्या ओळखीच्या ज्या मुलांनी फोन केले असतील त्यांना मी आजच विचारतो. टेम्पोच्या भाड्यासाठी माझ्याकडे मार्केट यार्डातली दोन-तीन नावे आहेत. चालत असेल तर हळदपेठ यांच्यामार्फत कळवतो. यामागे कसलीही अट नाही, खटल्याशी त्याचा संबंध नाही.

---

उत्तर : मिरजेचा वकील

डावा कोपरा, हेतू चांगला आहे, तरीही आत्ता थेट मदत करू नका. आपण आरोपीचे उघड समर्थक आहात. उद्या याच मदतीला आमिष म्हटले गेले तर आपली, त्या कुटुंबाची आणि मुलाची, तिघांचीही अडचण होईल. द्यायचीच असतील तर ती नावे प्रकरणाशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी पोहोचू द्या.

---

हळदपेठ (पुन्हा)

सर्वांचे आभार. काल जामीन झाला. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावणे, साक्षीदारांशी संपर्क न ठेवणे आणि परवानगीशिवाय जिल्हा न सोडणे अशा अटी आहेत. म्हणजे पुढच्या महिन्यात कोल्हापूरला होणारे सामने परवानगी मिळाल्याशिवाय त्याला खेळता येणार नाहीत. महाविद्यालयाने त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत संघाबाहेर ठेवले आहे, वर्गात बसण्याची मुभा आहे.

वकीलसाहेबांचे उत्तर मी गटावर जसेच्या तसे टाकले. त्यानंतर एकतीस जणांनी गट सोडला. मोठा फ्लेक्स झाला नाही, परंतु दोन मुलांनी स्वतःच्या पैशांनी लहान फलक लावलाच. रात्री साडेनऊला खेळाडूचे वडील मंडपवाल्याची शिडी घेऊन आले आणि कोणाशी न बोलता तो उतरवू लागले. मी खाली शिडी धरून उभा होतो.

१८,००० रुपयांपैकी १५,६०० रुपये ज्याचे त्याला परत केले. उरलेले २,४०० रुपये देणाऱ्यांनी गट सोडला आहे आणि ते माझा फोन उचलत नाहीत. त्यांच्या ओळखीचे कोणी हे वाचत असेल, तर दुकानात येऊन पैसे घेऊन जाण्यास सांगावे. दुकान सकाळी दहा ते सात उघडे असते.