आफ्रिकेतील नवउद्योग : भांडवल कमी पडते की सीमा आड येतात?

जमाखर्च (धागालेखक)

आफ्रिकेत नवे उद्योग उभे राहावेत यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांतील बराच पैसा स्पर्धा, बक्षिसे, प्रशिक्षण शिबिरे आणि बीजभांडवल यांवर खर्च झाला. नायजेरियाचे उद्योगपती टोनी एलुमेलू यांच्या प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये सुरू केलेला उपक्रम यांतील सर्वांत परिचित आहे. दहा वर्षांत १० हजार उद्योजकांना प्रत्येकी ५ हजार डॉलर देण्याचा त्याचा संकल्प होता. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र खंडभर पसरू पाहणाऱ्या उद्योगाचे घोडे पहिल्या ५ हजार डॉलरांपाशी अडत नाही, ते दुसऱ्या देशात पाऊल टाकताना अडते, असे माझे मत आहे.

मी सहा वर्षे नैरोबीत शेतीचे सौरपंप विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत हिशेब सांभाळत होतो. नायजेरियातील लागोसच्या एका वितरकाने आमच्याकडे ४० पंपांची मागणी नोंदवली. माल तयार होता, गिऱ्हाईक खरे होते, त्याच्या खात्यात नायरा हे नायजेरियाचे चलनही होते. परंतु आम्हाला नायरा चालत नव्हते, त्याला केनियन शिलिंग मिळत नव्हते आणि डॉलरसाठी त्याच्या बँकेत रांग लागलेली होती. एका आफ्रिकी देशातून दुसऱ्या आफ्रिकी देशात जाणारा पैसा आधी परदेशातील एखाद्या बँकेला वळसा घालून यायचा आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर कात्री लागायची. अकरा आठवड्यांनी मागणी रद्द झाली. त्या वर्षी आमच्या कंपनीला एका स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते, हे जाता जाता नोंदवतो.

आफ्रिकी देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या १५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये रवांडातील किगाली येथे झालेला खंडव्यापी मुक्त व्यापार करार मला सर्व बीजभांडवल योजनांपेक्षा मोलाचा वाटतो. आफ्रिकी संघाच्या ५५ देशांपैकी एरिट्रिया सोडून सर्वांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखालील व्यापार औपचारिकपणे सुरू झाला. आपापल्या चलनात देणीघेणी मिटवण्यासाठी ‘पॅप्स’ ही यंत्रणा जानेवारी २०२२ मध्ये घानातील आक्रा येथून सुरू झाली. जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

घाटमाथा

आपला अनुभव बोलका आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आफ्रिकेतील ज्या नवकल्पनेचे नाव जगभर झाले, ती एकही सीमा न ओलांडता मोठी झाली. एम-पेसा ही मोबाइल फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा मार्च २००७ मध्ये केनियात सुरू झाली. (यातील ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसा. शब्द हिंदी महासागर ओलांडून आपल्याकडूनच तिकडे गेला आहे, त्यामुळे आपल्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.) मुळात ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून तपासून पाहिली जात होती. प्रयोगात सामील झालेल्या लोकांनी मात्र ती एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि सेवा चालवणाऱ्या कंपनीने शहाणपणाने लोकांचेच ऐकले.

तिच्या मागे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून ही सेवा घडवणाऱ्या व्होडाफोनला मिळालेले सुमारे १० लाख पौंड. ज्या अनुदानांवर आपण नाराज आहात, त्याच जातीचा हा पैसा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने या सेवेला बँकेचा परवाना मागितला नाही, मात्र ग्राहकांचा सर्व पैसा व्यापारी बँकांतील विश्वस्त खात्यात ठेवण्याची अट घातली. ज्यांनी त्या काळातील दलालाची हिरवी टपरी पाहिली असेल, त्यांना ते दृश्य आठवेल. लाकडी फळी, जाळीमागे बसलेली मुलगी, समोर एक लांबलचक नोंदवही, तीत ओळखपत्राचा क्रमांक लिहून ग्राहकाची सही. इतक्या साध्या व्यवस्थेवर देशाचा व्यवहार चालला, कारण नियामकाने आधी होऊ दिले आणि नियम नंतर घट्ट केले.

हीच सेवा २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेली आणि २०१६ मध्ये तेथे गुंडाळली गेली. तिला कोणत्याही सीमेने अडवले नाही. तेथे बँका आधीच घरोघरी पोहोचलेल्या होत्या, त्यामुळे लोकांना तिची गरज भासली नाही. म्हणजे खुल्या सीमेने तारले नाही आणि बंद सीमेने मारले नाही. आपल्या घरचा नियामक कसा आहे, हाच खरा प्रश्न आहे.

कोरडवाहू

वरील दोन्ही प्रतिपादनांत एक मुद्दा राहून गेला, तो मालकीचा. घरचे भांडवल नसेल तर सीमा खुल्या होऊन आणि नियामक उदार होऊन फायदा कोणाचा? लागोसमध्ये दोन तरुणांनी उभी केलेली पेस्टॅक ही ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय देणारी कंपनी २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइप कंपनीने विकत घेतली. किंमत २० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे तेव्हा छापून आले होते. संस्थापकांचे कौतुकच आहे, पण खंडातील अनेक होतकरू कंपन्यांची नोंदणी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात असते, कारण गुंतवणूकदार तशी अट घालतात. जुमिया या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीला ‘आफ्रिकी’ म्हणावे की नाही यावर एप्रिल २०१९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली तेव्हा मोठा वाद झाला होता.

शिवाय पैसा डॉलरमध्ये येतो आणि विक्री नायरात होते. जून २०२३ मध्ये नायजेरियाने चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि ४६०-४७० नायरांचा डॉलर काही आठवड्यांत ७५० च्या पलीकडे गेला. त्या उद्योगांची मेहनत तेवढीच राहिली, परंतु गुंतवणूकदाराच्या वहीत ते एका फटक्यात लहान झाले. हे टाळायचे असेल तर स्थानिक निवृत्तिवेतन निधी आणि बचत उद्योगांकडे वळवावी लागेल. ते काम बक्षिसांनी होणार नाही आणि मुक्त व्यापारानेही होणार नाही.

परसदार

आपण तिघेही ज्याला नवउद्योग म्हणत आहात त्यात मोबाइल, गुंतवणूकदार आणि इंग्रजी सादरीकरण एवढेच दिसते. नायजेरियाच्या आग्नेय भागातील न्नेवी या गावाकडे जरा पाहावे. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धानंतर या भागातील इग्बो लोकांना त्यांच्या बँकेत कितीही ठेव असली तरी सरसकट २० पौंड हातावर टेकवले गेले. तेथून हा समाज पुन्हा व्यापारात उभा राहिला, त्यात ‘इग्बा बोई’ या उमेदवारीच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. मुलगा मालकाच्या घरी राहतो आणि पाच-सात वर्षे बिनपगारी दुकान सांभाळतो. मुदत पुरी झाली की मालक त्याला भांडवल आणि माल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. आपला शिष्य उद्या आपला प्रतिस्पर्धी होणार हे ठाऊक असूनही गुरूच पैसे घालतो, असे भांडवल कोणत्याही शिबिरात मिळत नाही. पद्धतीत पिळवणूकही होते, मालक शेवटी हात वर करतो अशा तक्रारी आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

याच न्नेवीत इनोसंट चुक्वुमा यांनी मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या व्यापारातून सुरुवात केली. अख्खी मोटारसायकल आणण्याऐवजी ती सुट्या भागांत आणून येथे जोडली, तर एका कंटेनरमध्ये कितीतरी अधिक गाड्या मावतात, हे त्यांनी हेरले. त्यातूनच पुढे इनोसन हा वाहनांचा कारखाना उभा राहिला. यात कोणते तंत्रज्ञान होते? कंटेनरमधली रिकामी जागा पाहण्याची नजर होती. केनियातील ‘जुआ काली’ म्हणजे भर उन्हात बसून पत्रा ठोकणारे कारागीर असोत की घानातील कुमासीची सुआमे मॅगझीन ही गॅरेजांची वसाहत असो, नवे करून पाहणे तेथे रोज चालू असते. आपल्या पुण्याच्या बजाजची ‘बॉक्सर’ मोटारसायकल युगांडातील कंपालापासून लागोसपर्यंत धावते, तीही अशाच कारागिरांच्या जिवावर.

घाटमाथा

परसदार यांच्या बॉक्सरवरूनच माझा मुद्दा पुन्हा मांडतो. लागोसमध्ये याच मोटारसायकलींवर ॲपद्वारे प्रवासी नेणाऱ्या दोन-तीन कंपन्या लाखो डॉलर उभारून सुरू झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारने शहराच्या मोठ्या भागात प्रवासी मोटारसायकलींवर बंदी घातली आणि त्यांचा धंदा एका आदेशाने बसला. भांडवल होते, कारागीर होते, गिऱ्हाईक तर होतेच. याउलट ट्युनिशियाने २०१८ च्या कायद्यात नोकरदाराला उद्योग काढण्यासाठी वर्षभराची रजा घेण्याचा आणि फसल्यास जुन्या जागी परतण्याचा हक्क दिला. घरचे सरकार काय करते, त्यावर सारे अवलंबून आहे.

जमाखर्च (धागालेखक)

कोरडवाहू यांचा चलनाचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, माझ्या ४० पंपांची गोष्टही अखेर तीच होती. मालकीबाबत मात्र त्यांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे असे मला वाटते. नायजेरिया, केनिया, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतच बहुतेक गुंतवणूक जाते, कारण एका देशाची बाजारपेठ पुरेल एवढी मोठी तेथेच आहे. टोगो किंवा मलावीतील उद्योजकाला शेजारचा देश खुला नसेल, तर घरच्या निवृत्तिवेतन निधीनेही त्याच्यात पैसे का घालावेत? घाटमाथा यांचे केनियाचे उदाहरणही मोठ्या देशाचेच आहे.

करार झाला म्हणजे काम झाले, असे मात्र मी म्हणत नाही. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवरील बुसिया येथे पूर्वी प्रवाशाला दोन चौक्यांमधील अंतर पार करावे लागे. तेथे सायकलवरून ने-आण करणारे ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत आणि त्यावरूनच अशा भाड्याच्या दुचाकींना ‘बोडा-बोडा’ हे नाव पडले, असे सांगतात. २०१८ पासून तेथे एकाच ठिकाणी दोन्ही देशांची तपासणी होते आणि आमचा ट्रक तेथून त्याच दिवशी सुटू लागला. तरीही आमचा चालक पलीकडे पोहोचला की प्रथम खाली उतरून नोटांची पुडकी घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे जायचा, केनियन शिलिंग द्यायचा, युगांडन शिलिंग घ्यायचा आणि दर कागदावर लिहून मला नैरोबीत फोन करायचा. फरकाची रक्कम कोणत्या खात्यात टाकायची हे त्या कंपनीत मी सहा वर्षे ठरवू शकलो नाही, शेवटी ती ‘किरकोळ’मध्ये जात राहिली.