मदत हवी आहे: नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर, कॉलेज बदलता येतं का? शुक्रवारच्या आत सांगा

खानापूरची:
नमस्कार. मी बेळगावात नर्सिंगला आहे, पहिलं सेमिस्टर. दहावीपर्यंत मराठी मीडियम. ॲनाटॉमीच्या तासाला निम्मं कळतच नाही, लिहून घेईपर्यंत मॅडम पुढं गेलेल्या असतात. वॉर्डात सगळं कन्नड. पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्याच परीक्षेला) मार्क फार कमी आलेत. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजकडं कॉलेज बदलून मिळतं का? कुणी बदललं असेल तर काय काय करावं लागतं ते सांगा. शुक्रवारच्या आत पाहिजे. आणि "अभ्यास कर" असं कुणी सांगू नका, करतेच आहे.

निपाणीची सिस्टर:
बाळ, जीएनएम (डिप्लोमा) की बीएस्सी (डिग्री)? सीट केईएची (कर्नाटकच्या सरकारी प्रवेश प्राधिकरणाची) की मॅनेजमेंटची? ओरिजिनल कागद कॉलेजात जमा आहेत का? आणि शुक्रवारी काय आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग सांगायचं कशावरून?

टिळकवाडी:
नर्सिंगला जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. बीएस्सीला पीयूसीत (आपल्याकडच्या अकरावी-बारावीत) फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. जनरलला ४५ टक्के, एससी-एसटीला ४०. वय ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजे. केईएचा फॉर्म भरताना जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर विचारतात, तेव्हा नाडकचेरीतून (महसूल ऑफिसातून) दाखले आधीच काढा. मराठा असाल तर आरक्षणाचा गट ३बी. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण कोटा मिळतो, पण त्या दाखल्यावर हेडमास्तरांबरोबर बीईओंची (गट शिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. आमच्याकडची मुलं नेमकी त्या सहीवाचून अडकतात.

खानापूरची:
काका, माझं ॲडमिशन झालंय.

टिळकवाडी:
कळलं. पण वाचणारे इतरही आहेत, पुढच्या वर्षी कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

सीमावासी:
ताई, महाराष्ट्रात जायचा विचार चांगला आहे. महाराष्ट्राचा दावा असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, मेडिकलला सीमाभागाची सवलत आहे. गाव त्या यादीत असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. नर्सिंगच्या माहितीपुस्तिकेत सीमाभागाचं कलम शोधा. आपल्याच जिल्ह्यात आपल्या मुलीला वॉर्डात परकं वाटावं, याचं मला फार वाईट वाटतं. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि इथं पिढ्या…

संकेश्वरी:
सीमावासी, दाव्याचं दुसरीकडं बोलू या, पोरीला शुक्रवारची घाई आहे. ताई, माझं ऐक. बीएस्सी जड जात असेल तर जीएनएमला जा. मी तेच केलं. तीन वर्षांत हातात नोकरी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी. घरावर ओझं पडत नाही.

निपाणीची सिस्टर:
जीएनएमची पुस्तकं मराठीत असतात का? तिथंही ॲनाटॉमी इंग्रजीतच आहे. तिची अडचण भाषेची आहे, कोर्सची नाही. आणि पुढचंही बघा. एम्सच्या नॉर्सेटला (नर्स भरतीच्या परीक्षेला) बीएस्सीवाली सरळ बसते. जीएनएमवाल्याला निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आत आलेली पोर बाहेर का काढता?

संकेश्वरी:
सिस्टर, तो अनुभव घेताना पगारही मिळतो. घरची परिस्थिती न विचारता "बीएस्सीच कर" म्हणणं मला पटत नाही.

एक पालक:
मधेच विचारतो. माझी मुलगी पीयूसी आर्ट्सला आहे. तिला नर्सिंग जमेल का?

खानापूरची:
बीएस्सी आहे. केईएची सीट, राजीव गांधी युनिव्हर्सिटी. ओरिजिनल टीसी, मार्कशीट कॉलेजात. शुक्रवारी बाबा हॉस्टेलचा दुसरा हप्ता भरायला येणार. घरी म्हणालेत, जमत नसेल तर आत्ताच सांग, पुढचे पैसे तरी वाचतील. म्हणून विचारतेय.

जांबोटी रोड:
हॉस्टेल सोड की. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे. खानापूर-बेळगाव रोज ये-जा कर, हप्त्याचा प्रश्नच मिटला.

निपाणीची सिस्टर:
नको. सकाळच्या पोस्टिंगला (वॉर्डातल्या कामाला) पहाटे निघावं लागेल, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरणार नाही. आठवड्याला ४० तासांचं वेळापत्रक आहे हे. निदान पहिलं वर्ष तरी हॉस्टेलात काढू दे.

खानापूरची, आता नीट ऐक. बदली म्हणून कोल्हापूरला मधेच जाता येईल असं धरून चालू नकोस. तिथं बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, विद्यापीठ नाशिकचं. म्हणजे नव्याने परीक्षा, नव्याने पहिलं सेमिस्टर. एवढं करून ॲनाटॉमी इंग्रजीतच शिकायची.

आता तुझ्या मार्कांचं. इंटर्नल म्हणजे १०० पैकी २५, उरलेले ७५ अजून तुझ्या हातात आहेत. पहिल्या सेमिस्टरला विद्यापीठाचे पेपर दोनच: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा एक, सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीचा एक. इंग्रजीची परीक्षा कॉलेजच घेतं, पास व्हायला ४० टक्के पुरतात, बाकीला ५०. नर्सिंग फाउंडेशन विषयाची विद्यापीठाची परीक्षा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. आणि एखादा पेपर राहिला तरी तुला पुढच्या सेमिस्टरला बसू देतात, फक्त पाचव्याच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं पाहिजे. हे बाबांना असंच्या असं सांग. घरच्यांना वाटतं, एकदा नापास झाली की वर्ष गेलं.

हजेरीला मात्र जप. ८० टक्क्यांच्या खाली गेलीस तर परीक्षेलाच बसता येणार नाही. घाबरून तास चुकवायला लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मार्कांपेक्षा त्या दांड्यांनीच त्या मागं पडल्या.

अभ्यास करतेस म्हणालीस, मग कसा करतेस ते सांग. पाठ करतेस का?

खानापूरची:
हो. नोट्स पाठ करते. पेपरात प्रश्न फिरवून आला की काही आठवत नाही.

निपाणीची सिस्टर:
तेच वाटलं. आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत लिही. रक्त हृदयात कुठून येतं, कुठं जातं, हे रूममेटला मराठीत सांगता आलं की मग पुस्तकातली वाक्यं हाताखालून तीन-चारदा जाऊ देत. हाडं वाचून येत नाहीत, चित्र काढायचं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये हाड हातात धरायचं. शब्दांचे तुकडे ओळख: नेफ्रो आलं की मूत्रपिंड, हेपॅटो आलं की यकृत, शेवटी आयटिस आलं की दाह. यातनं निम्मी भीती जाते. लायब्ररीत जुने पेपर मागून घे, तेच तेच प्रश्न फिरून येतात.

सीमावासी:
हे सगळं ठीक. पण मराठी पेशंटशी मराठीत बोलणारी सिस्टर बेळगावात असायला नको का? कन्नड शिक म्हणणं म्हणजे हक्क सोडणंच.

निपाणीची सिस्टर:
असायलाच पाहिजे. म्हणून तर ती टिकली पाहिजे. पण सिव्हिल हॉस्पिटलला सौंदत्तीहून, गोकाकहून माणसं येतात. ऑपरेशननंतर कण्हणाऱ्या आजीला कुठं दुखतंय ते त्या मुलीला कळायला हवं. हक्काची लढाई तुम्ही जरूर लढा, त्या खाटेजवळ मात्र नको. खानापूरची, एक छोटी डायरी ठेव आणि वॉर्डातल्या आयांना विचारून रोजची वाक्यं देवनागरीत लिही. "एल्लि नोवैती?" (कुठं दुखतंय?), "ऊट आतेन?" (जेवण झालं का?) अशी वीस-पंचवीस वाक्यं आली की पहिली पोस्टिंग निघते. बोलताना चुकलीस तरी पेशंट रागवत नाहीत.

संकेश्वरी:
कन्नडचं सिस्टर म्हणतात ते खरं. आमच्यात निम्मी मुलं वॉर्डातच शिकली. जीएनएमबद्दल माझं मत तेच आहे, पण केईएची सीट असेल तर सोडू नकोस. मॅनेजमेंटची असती तर वेगळं बोललो असतो.

आणि पालक, तुमचं राहिलंच. आर्ट्सवर बीएस्सी होत नाही. जीएनएम होतं, बारावीला इंग्रजी पाहिजे आणि एकूण ४० टक्के. कॉलेजला कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा. एजंटाच्या हातात पैसे आणि ओरिजिनल मार्कशीट देऊ नका.

एक पालक:
आभारी आहे. हॉस्टेल बंधनकारक असतं का?

खानापूरची:
बाबा आले होते. त्यांना मॅडमशी भेटवलं. मॅडम म्हणाल्या, मराठी मीडियमची मुलं दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत सुधारतात. हप्ता भरला. सिस्टर, तुमचं दोन पेपरांचं बाबांना सांगितलं, ते बराच वेळ तेच विचारत होते. आता फिजिऑलॉजीत कार्डियाक सायकलवर अडलेय, सोमवारी टेस्ट आहे. आकृती बघितली तरी कळंना.

निपाणीची सिस्टर:
आकृती बाजूला ठेव. मिनिटाला ७५ ठोके, म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद. वरचे दोन कप्पे ०.१ सेकंद आकुंचन पावतात, रक्त खाली येतं. मग खालचे दोन ०.३ सेकंद, रक्त बाहेर फेकलं जातं. उरलेले ०.४ सेकंद चारही कप्पे सैल, रक्त परत भरतं. खालचे आकुंचन पावायला लागतात तेव्हा वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात, तो पहिला आवाज, लब. ते सैल होऊ लागताच धमन्यांच्या तोंडाच्या झडपा मिटतात, तो डब. आता रूममेटची नाडी धर आणि हे तिला मराठीत सांग. अडलीस तर कुठं अडलीस ते इथं लिही.