मदत हवी आहे: एक्सपीवर 'कनेक्शन सिक्युअर नाही' येतंय, निम्म्या साईट उघडेनात

नमस्कार मंडळी, गणपतीला गावी आलोय, वेळणेश्वरजवळ. काकांचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज एक्सपी, १ जीबी रॅम. टाकून द्या असं प्लीज सांगू नका, कारण देवळाच्या वर्गणीचे आणि कलमांच्या मजुरीचे कित्येक वर्षांचे हिशेब त्यात जुन्या मराठी फॉन्टात आहेत, माझ्या लॅपटॉपवर तीच फाईल उघडली तर नुसत्या किडे-मुंग्या दिसतात.

तर झालंय असं की क्रोम ४९ आहे, त्यात पेपर उघडत नाही, भरती-ओहोटीच्या वेळांची साईट उघडत नाही, लाल कुलूप आणि इंग्रजीत काहीतरी. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर 'पेज दाखवता येत नाही' एवढंच. त्याच नेटवर माझ्या फोनवर सगळं झकास चालतं, म्हणजे लाईन ठीक आहे. काका म्हणतात तू आल्यापासून बिघडलाय. काय करू?

फुकटचा_सल्ला: व्हायरस. फॉरमॅट मारा.

खारा_वारा: फॉरमॅट नको हो, हिशेब जातील त्यांचे! धागाकर्ते, दोन गोष्टी सांगा. लाल पानावर सगळ्यात खाली जो एरर आहे तो जसाच्या तसा वाचा, आणि खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

धागाकर्ता: एरर 'सर्ट डेट इनव्हॅलिड'. तारीख १ जानेवारी २००३!! परवाच नीट केली होती मी, पण इथे पावसात लाईट दिवसातून चारदा जाते. आणि हो, चालू करताना काळ्या स्क्रीनवर काहीतरी येतं आणि काका एफ १ दाबतात, त्यांना वाटतं कॉम्प्युटर असाच चालू करायचा असतो 😀

खारा_वारा: सापडलं मग. लाईट नसताना तारीख-वेळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. साईटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, तुमचं मशीन २००३ मध्ये बसलंय, त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. प्लग काढून मगच उघडा, आणि सेल बसतो तिथल्या पत्र्या बघा, आपल्याकडच्या हवेत हिरव्या पडतात, खोडरबराने घासल्या तरी चालतं.

धागाकर्ता: शृंगारतळीहून सेल आणला, बसवला, तारीख वेळ लावली. पेपर उघडला! पण भरतीवाली साईट अजून नाही, आता वेगळाच एरर, 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड'. एक्सप्लोरर जैसे थे.

माडाखाली: एरर बदलला हे चांगलंच झालं, एकावर एक दोन दुखणी होती. सर्टिफिकेट कुणी दिलं ते ओळखायला मशीनमध्ये मोठ्या संस्थांची एक यादी असते, तिला रूट म्हणतात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, यादी जुनीच राहिली. लेट्स एन्क्रिप्ट म्हणून फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, बऱ्याच छोट्या साईट तिचंच वापरतात, तिची सर्टिफिकेटं जुन्या मशीनवर ज्या रूटच्या जोरावर चालायची ते ३० सप्टेंबर २०२१ ला एक्सपायर झालं, तुमची साईट बहुतेक त्यातलीच. आता गंमत अशी की तुमचं क्रोम विंडोजचीच यादी बघतं, फायरफॉक्स मात्र स्वतःची यादी सोबत घेऊन येतो. एक्सपीवर चालणारा शेवटचा फायरफॉक्स ५२.९ ईएसआर, तो लॅपटॉपवर मोझिलाच्याच साईटवरून उतरवा आणि पेन ड्राईव्हने न्या, दुसऱ्या कुठल्या साईटवरून नको.

एक्सप्लोररचा नाद सोडा. साईटशी गुप्तपणे बोलायची जी पद्धत असते, टीएलएस, तिच्या १.० आवृत्तीच्या पुढे तो एक्सपीवर जात नाही, आणि आता बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली बोलायलाच तयार नसतात. शिवाय एकाच सर्व्हरवर दहा साईट असल्या तर मला यातली कुठली हवी हेही त्याला आधी सांगता येत नाही.

फुकटचा_सल्ला: एवढं कशाला, ॲडव्हान्स्ड दाबून 'तरीही पुढे जा' करायचं.

खारा_वारा: भरतीची वेळ बघायला एक वेळ ठीक, पासवर्ड टाकायच्या जागी अजिबात नको, समोर खरी साईट आहे की मधला कुणी हे कळायचा तेवढाच एक मार्ग असतो. आणि बँकेचं काम एक्सपीवर नकोच, फायरफॉक्स टाकला तरी नको.

धागाकर्ता: अपडेट: फायरफॉक्सवर भरतीवाली साईट उघडली. आणखी एक साईट अजून अडते, तिथे 'नो सायफर ओव्हरलॅप' येतंय.

माडाखाली: म्हणजे त्या सर्व्हरची आणि तुमच्या ब्राउझरची एकही सामाईक सांकेतिक भाषा (सायफर) उरली नाही. या फायरफॉक्सवर त्याला इलाज नाही, फोनवर बघा.

धागाकर्ता: बरं, ती सोडली. काल रात्री दोनदा लाईट गेली, सकाळी तारीख बरोबर होती. काका मात्र अजून एफ १ दाबूनच वाट बघतात.