डीपीएस तळ्यात तिवरं लावू नका, बुजलेली वाट उघडा

खाडीकाठचा:
नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सला डीपीएस शाळेजवळ आहे ते डीपीएस तळं, साधारण ३० एकर. माझ्या खिडकीतून त्याचा एक कोपरा दिसतो म्हणून जरा जास्तच बोलतोय, समजून घ्या. हे तळं पावसाच्या पाण्याचं नाहीये, ठाणे खाडीच्या भरतीवर जगणारं आहे. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगोंना उभं राहायला जागा उरत नाही, मग ते इथे येऊन टेकतात आणि ओहोटी लागली की परत चरायला खाडीत. बाजूला जेट्टीकडे जाणारा रस्ता झाला, पाणी यायच्या वाटा बुजल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तळं सुकलं. पुढे पाणी साचलं तर ते हलेना, वर हिरवी साय.
आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलंय काय, तर तळ्यात हजार तिवरं, म्हणजे खाडीतली कांदळवनाची झाडं, लावायची. कुठलीतरी कंपनी पैसे देणार, टी-शर्ट पण देणार. माझं म्हणणं एवढंच की एकही रोप लावू नका. वाट उघडा, तिथला गाळ काढा आणि गप्प बसा. तिवराची बी पावसाळ्यात भरतीवर तरंगत येते, जमेल तिथे स्वतःच रुजते, नाही जमत तिथे उघडा चिखल राहतो. पक्ष्यांना तोच हवाय.

सेक्टरवाली:
दादा, खिडकीतून बघायला छान वाटतं, आम्ही तळमजल्यावर राहतो. संध्याकाळी सहानंतर खिडक्या बंद, मुलांच्या पायांवर फोड. वास वेगळाच. तुम्ही म्हणताय अजून पाणी आणा?? तिवरं लावली तर निदान सावली तरी होईल आणि उद्या कोणी डेब्रिस टाकायला आलं तर कोर्टाचा कागद दाखवता येईल. २०१८ ला हायकोर्टाने सांगितलंय ना, तिवर तोडायचं नाही, ५० मीटरमध्ये बांधकाम नाही. रिकाम्या चिखलाला कोण विचारतं, त्यावर ट्रक रिकामा झाला तरी कोणाला कळत नाही.

खाडीकाठचा:
@सेक्टरवाली कोर्टाचा मुद्दा खरा आहे, मान्य, चिखलाला वाली नाही. पण डास साचलेल्या पाण्यामुळेच आहेत ना. पाणी रोज दोनदा आत-बाहेर झालं की त्याबरोबर बारके मासे येतात आणि अळ्या फस्त करतात. आणि डेंग्यूचा डास तळ्यात नाही हो वाढत, तो तुमच्या-माझ्या कुंडीखालच्या ताटलीत.

सेक्टरवाली:
माझ्याकडे कुंड्या नाहीत 🙄

पेणचा पाव्हणा:
तुमचं सगळं फ्लेमिंगोपासून चालू होतं आणि फ्लेमिंगोपाशी संपतं. आमच्याकडे खारबंदिस्ती काय असते ते सांगतो. खाडीच्या कडेला मातीचा बांध, त्याला उघाडी म्हणजे पाण्याचं दार, पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं आत येऊ द्यायचं नाही. आत भात. आजोबा उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे, कुठे खेकड्याने बीळ पाडलंय का बघायला, कारण बोटभर बिळाची सकाळपर्यंत खांड होते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. आमची खांड गेली, वेळेत कोणी बांधली नाही, पाच-सहा वर्षांत शेतात तिवर उभं राहिलं. आता म्हणतात हे कांदळवन आहे, हात लावू नका. सातबारा माझ्या बापाच्या नावावर आणि फांदी तोडली तर गुन्हा माझ्यावर. तेव्हा "पाणी आत सोडा, निसर्ग बघून घेईल" हे वाक्य आमच्यासमोर जपून बोला.

खाडीकाठचा:
@पेणचा पाव्हणा हे मी लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. पण तुमची खारजमीन आणि हे तळं एक नाही, इथे कोणाचं भात नाही बुडत.

पेणचा पाव्हणा:
आज नाही बुडत. त्याच्या आधी तिथे काय होतं? नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात भातखाचरं होती, मिठागरं होती, कोळ्यांची मासेमारीची जागा होती. पूर्वस्थितीत आणायचं म्हणता तर कुठली पूर्वस्थिती, १९६५ ची की २०१५ ची? करावं वाटतं तर नवीन पाण्यात गाववाल्याला जाळं टाकायचा हक्क पण द्या. नाहीतर आम्ही कुंपणाबाहेर आणि कॅमेरेवाले आत.

लेव्हल_बघा:
मी ड्रेनेजच्या कामात २० वर्षं काढलीत म्हणून बोलतो. "वाट उघडा" म्हणजे नक्की किती उघडा? पाइपचा तळ फार खाली ठेवला तर ओहोटीला तळं रिकामं, फार वर ठेवला तर फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणालाच पाणी येणार, बाकी दिवस तेच डबकं. बरं, नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पॉन्ड आणि भरतीचं अडवायला झडपा ठेवल्यात. ते पॉन्ड गाळाने भरले, गाळात तिवर आलं, आता गाळ काढायचा तर परवानगीसाठी कोर्टात जा. तुमच्या हजार रोपांचं हेच होणार, आज टी-शर्ट घालून लावाल आणि दहा वर्षांनी तळ्यातला गाळ काढायची सोयच उरणार नाही. म्हणजे रोपांना माझाही विरोध, पण कारण वेगळं. आणि पाणी उघडायचंच तर दार लावून, भर पावसात मोठी भरती असेल तेव्हा बंद करता येईल असं. २६ जुलै २००५ विसरलात का, सांताक्रूझला ९४४ मिमी.

विमानवाला:
नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय आणि तुम्हाला पक्षी जवळ बोलवायचेत? मे २०२४ ला घाटकोपरला काय झालं आठवतं ना, एका विमानाने ३९ च्या आसपास फ्लेमिंगो मेले.

खाडीकाठचा:
@विमानवाला पक्षी आपण बोलवत नाही हो, ते खाडीत आहेतच, रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ती २०२२ पासून. भरतीला त्यांना कुठेतरी टेकायला लागणारच. हे तळं मेलं तर ते दुसरी जागा शोधत फिरतील, ती जागा कुठली असेल ते तुम्ही ठरवणार का?
@लेव्हल_बघा दाराचं पटलं. पण दार उघडायचं-लावायचं कोणी? आमच्या नाक्यावरचा सिग्नल चार महिने पिवळा लुकलुकतोय.

लेव्हल_बघा:
म्हणून तर जुन्या उघाडीसारखं आपोआप मिटणारं फळकूट बरं, पण रोजच्या भरतीला उघडं राहील आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की मिटेल असं. पाव्हण्यांना विचारा, त्यांच्याकडे ते करणारे असतील.

पेणचा पाव्हणा:
होते. एक म्हातारा आहे अजून, पण त्याला नेरूळला आणायचा तर वाटेत तीन ठिकाणी चहा लागतो.

सेक्टरवाली:
पौर्णिमेला दुपारी साडेबाराच्या सुमारास भरती असते म्हणे, तेव्हा या सगळे, पाणी खरंच कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं ते डोळ्यांनी बघू. रोपांचा ठराव तोपर्यंत मी थांबवते. पण डास नाही कमी झाले तर मी परत इथेच येऊन भांडणार.

पेणचा पाव्हणा:
येतो म्हाताऱ्याला घेऊन. चिंबोरी दिसली तर ती माझी, आधीच सांगून ठेवतो.